व्हायकिंग–अँग्लो-सॅक्सन संघर्षाचे भूमिकाखेळ

इ. स. ७९३ मध्ये लिंडिसफार्नच्या मठावर हल्ला झाला, तेव्हापासून १०६६ च्या स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईपर्यंत इंग्लंडात व्हायकिंग (स्कँडिनेव्हियातून आलेले दर्यावर्दी हल्लेखोर) आणि अँग्लो-सॅक्सन (तिथे आधीपासून राज्य करणारे लोक) यांचा झगडा चालला. त्यावर बेतलेले, पात्राचा वेष घेऊन मैदानात खेळायचे हे खेळ आहेत.

यांचे दोन प्रकार असून बघ्यांना ते एकच वाटतात. पुनरभिनयात निकाल इतिहासाने आधीच लावलेला असतो. माल्डनची लढाई (९९१) उभी केली, तर एसेक्सचा सरदार बिर्टनॉथ पडलाच पाहिजे. ‘लार्प’ (लाइव्ह अ‍ॅक्शन रोल-प्ले, म्हणजे प्रत्यक्ष वावरून खेळायचा भूमिकाखेळ) या प्रकारात निकाल मोकळा असतो. एडिंग्टनच्या पराभवानंतर (८७८) डेन (डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांचा) नेता गुथ्रम याने बाप्तिस्मा घेतला. लार्पमधला गुथ्रम साफ नकार देऊ शकतो आणि पुढचे राजकारण खेळाडूंना निस्तरावे लागते. ब्रिटनमध्ये पुनरभिनयाची ‘द व्हायकिंग्ज’ ही संस्था १९७१ पासून, तर ‘रेजिया अँग्लोरम’ १९८६ पासून आहे. तिथल्या लार्पची सुरुवात सहसा १९८२ मध्ये पेकफर्टन किल्ल्यात सुरू झालेल्या खेळापासून धरतात. तो मात्र निव्वळ कल्पनारम्य होता.

लढाईचा खरा कस ढालींच्या भिंतीत लागतो. लाकडी गोल ढाली एकमेकींना भिडवून रांग उभी राहते आणि मागून भाले चालतात. नवख्याला तलवार हवी असते, पण त्या काळी ती श्रीमंताची वस्तू होती. सामान्य शिपायाचे शस्त्र भालाच. समोरच्यावर डोळे रोखून बसणारा बहुधा त्याच्या शेजाऱ्याच्या तिरक्या भाल्याने ‘मरतो’. पुनरभिनयातली शस्त्रे पोलादी, पण बोथट आणि गोलसर कडांची असतात व वार आवरता घ्यायचा असतो. लार्पमध्ये फोमवर लेटेक्स चढवलेली हलकी शस्त्रे वापरतात.

छावणीचे नियम लढाईहून कडक. कपडे लोकरीचे किंवा लिननचे. घड्याळ, चेनची पिशवी चालत नाही. रश्शात बटाटा-टोमॅटोही नको, कारण ते युरोपात अमेरिकेतून पुढे कित्येक शतकांनी आले. शिंगांच्या शिरस्त्राणाला तर हमखास हसू होते. ती कल्पना जर्मन संगीतकार वॅग्नरच्या संगीतिकांसाठी १८७६ मध्ये केलेल्या वेषभूषेमुळे रूढ झाली. नॉर्वेत येर्मुंडबू येथे १९४३ मध्ये सापडलेल्या व्हायकिंग शिरस्त्राणाला डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी पट्टी आहे, शिंगे नाहीत.