मोटारीचे इंजिन विमानाला बसवण्यापूर्वी

"माझ्या गाडीचं इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं आहे, तुमचं साठचंच कसं?" इथे अमेरिकेत घरी विमान बांधणारे आपले मराठी ग्राहक फोनवर हमखास हे विचारतात. उत्तर प्रोपेलरमध्ये आहे. शंभरची ताकद मिळते ती मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर. तिथे ६० इंची प्रोपेलर थेट जोडला तर त्याची टोके आवाजाच्या वेगाच्याही पुढे जातात. गोंगाट मरणाचा, ओढ मात्र कमी. म्हणून आम्ही फोक्सवॅगन बीटलचे हवेवर थंड होणारे १८३५ सीसीचे इंजिन ३,२०० फेऱ्यांच्या आसपासच चालवतो. मधे गिअर नाही, पट्टा नाही. गिअर लावून सुबारू बसवणारेही आहेत, पण त्यातल्या कंपनांचा हिशेब जमवणे आमच्या आवाक्यातले नाही.

कल्पना जुनीच. मिनेसोटातल्या बर्नार्ड पीटेनपॉलने १९२९ साली फोर्ड मॉडेल ए चे इंजिन विमानाला लावले. रेडिएटर थेट पायलटच्या नजरेसमोर!

आम्ही बदलतो काय? क्रँकशाफ्ट (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) नवा, फोर्ज केलेला, कारण प्रोपेलरचा सगळा झटका त्यावर येतो. प्रत्येक सिलिंडरला दुसरा स्पार्क प्लग, आणि दोन्हींचे इग्निशन वेगळे. रस्त्यात इग्निशन गेले तर गाडी कडेला घेता येते, आकाशात ती सोय नाही.

गाडीतला पंखा काढून टाकतो. हवा पत्र्याच्या आडोशांमधून सिलिंडरवर वळवावी लागते. हे पत्रे तुम्हालाच बसवायचे आहेत आणि घोळ होतो तो इथेच. आमच्या पहिल्याच विमानात तेल तापून उकळायची वेळ आली होती. शोधले तर मागच्या कोपऱ्यात बोटभर फट. तेव्हापासून सांगतो: रात्री शेडमधले दिवे घालवा, काउलिंगच्या (इंजिनवरच्या आवरणाच्या) आत टॉर्च ठेवा. जिथून उजेड बाहेर येईल, तिथून हवाही पळते. सिलिकॉनने बुजवा.

कार्ब्युरेटरला (जिथे हवा आणि इंधन मिसळते) गरम हवेची सोय हवीच. दमट हवेत १५ अंश सेल्सियसलाही आत बर्फ धरतो.

इंजिन प्रमाणित नसल्याने एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाच्या) नियमांत चाचणी उड्डाणे साधारण ४० तासांची धरा. प्रमाणित इंजिन-प्रोपेलर जोडीला ती २५ असतात. तेवढ्या तासांत सोबत कुणाला हौसेने बसवू नका. इंजिन भारतात न्यायचे असेल तर आधी तिथल्या नियामकाकडून, डीजीसीएकडून, लेखी काय ते घ्या, मग आमच्याकडे या.

ऑर्डरसोबत विमानाचा आराखडा, रिकामे वजन आणि प्रोपेलरचा व्यास कळवा. भंगारातले इंजिन आणून "हेच बसवा" म्हणाल तर चहा पाजू, काम घेणार नाही.