आघात रूपांतरण

अशनी किंवा लघुग्रह आदळल्याने उठणाऱ्या आघात-तरंगामुळे खडकांत व खनिजांत जे बदल होतात, त्यांना आघात रूपांतरण म्हणतात. भूकवचातील नेहमीच्या रूपांतरणात दाब व तापमान सावकाश वाढते आणि खनिजांना नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला लाखो वर्षांचा अवधी मिळतो. वातावरणाने फारसा न रोखलेला मोठा पिंड मात्र सेकंदाला ११ किमी.हून अधिक वेगाने धडकतो. त्यामुळे खडकावरचा दाब निमिषार्धात कित्येक गिगॅपास्कलांवर जाऊन लगेच ओसरतो (१ गिगॅपास्कल म्हणजे सुमारे १०,००० वातावरणांइतका दाब).

साधारण २ गिगॅपास्कलांपासून खडकात शंकूच्या आकाराचे, घोड्याच्या शेपटीसारख्या रेषा असलेले भंगपृष्ठ तयार होऊ लागतात. नुसत्या डोळ्यांना दिसणारी आघाताची खात्रीशीर खूण हीच. सुमारे १० गिगॅपास्कलांच्या पुढे क्वॉर्ट्‌झच्या कणांत सरळ, समांतर आणि अतिशय सूक्ष्म पटले उमटतात. त्यांतील अंतर काही सहस्रांश मिलिमीटर असते आणि एकाच कणात वेगवेगळ्या दिशांचे अनेक संच एकमेकांना छेदताना दिसतात. भूकवचाच्या हालचालींमुळे पडणारी पटले जाड, विरळ आणि बहुधा वक्र असल्याने जाणकाराला हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो.

क्वॉर्ट्‌झपासून कोएसाइट व स्टिशोव्हाइट ही अधिक घनतेची खनिजेही बनतात. १९६० मध्ये ॲरिझोनातील बॅरिंजर विवरात कोएसाइट सापडले, तेव्हा ते विवर आघाताने बनले की ज्वालामुखीय क्रियेने, हा वाद जवळजवळ मिटला. परंतु कोएसाइट अतिखोल दबलेल्या भूकवचीय खडकांतही आढळते, त्यामुळे केवळ त्यावरून आघाताचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बेसाल्टात क्वॉर्ट्‌झ जवळपास नसतेच. म्हणून बेसाल्टात असलेल्या लोणार येथील विवराच्या बाबतीत प्लॅजिओक्लेज फेल्स्पार या खनिजापासून न वितळताच झालेली काच, म्हणजे मास्केलिनाइट, हा पुरावा मोलाचा ठरला. या काचेत मूळ स्फटिकाची बाह्याकृती टिकून राहते, आतली अणुरचना मात्र विस्कटलेली असते.

खडक वितळण्याचे मुख्य कारण घर्षण नव्हे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. खडक दाबला जाताना तरंग त्यात जी ऊर्जा भरतो, ती दाब उतरताना पूर्णपणे बाहेर पडत नाही. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन खडकातच राहते. सुमारे ६० गिगॅपास्कलांच्या वर ही उष्णता ग्रॅनाइटसारखा खडक समूळ वितळवण्यास पुरते, आणि दाब याहून बराच वाढला तर खडकाची वाफही होते. सच्छिद्र वालुकाश्मात पोकळ्या मिटताना जादा उष्णता निर्माण होते, त्यामुळे तो कमी दाबालाही वितळतो. जर्मनीतील रीस विवराभोवती अशा वितळरसाचे काचमय गोळे व फुटलेल्या खडकांचे तुकडे एकत्र थिजून सुएव्हाइट हा खडक बनलेला आहे.

वितळरस प्रामुख्याने स्थानिक खडकांचाच असतो. त्यात अशनीचा अंश सहसा एक टक्क्याहूनही कमी असतो, तरी भूकवचात दुर्मीळ असलेल्या इरिडियमच्या वाढलेल्या प्रमाणावरून तो पकडता येतो.