वर्क परमिट म्हणजे लोटो नव्हे

नव्या कारखान्यात सेफ्टीची घडी बसवायला घेतली की पहिल्याच आठवड्यात ऐकू येतं, "परमिट काढलंय ना, मग कुलूप कशाला?" मेंटेनन्समध्ये मुरलेली माणसंही असं विचारतात. परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी, आणि लोटो म्हणजे मशीनच्या स्विचला लावायचं हे कुलूप. दोन्ही गोष्टी काम सुरू होण्याआधीच्या, म्हणून गल्लत होते.

परमिट हा कागद. काम कोणतं, कुठे, किती वाजेपर्यंत, आधी काय तपासलं हे त्यावर लिहायचं, आणि परमिट देणारा व घेणारा सह्या करतात. टाकीत उतरणं, वेल्डिंग, उंचीवरचं काम, इथे तो हवाच. टाकीतल्या वायूची तपासणी करून लेखी दाखला देण्याची तरतूद तर १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्येच केली होती.

लोटो, म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, थेट मशीनवर होतं. पॅनेलचा मेन स्विच खाली करायचा, त्याला आपलं कुलूप आणि नावाचा टॅग लावायचा, किल्ली आपल्याच खिशात. चौघं काम करणार असतील तर चार कुलपं. शेवटचं निघेपर्यंत स्विच वर जात नाही. इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवणं म्हणजे लोटो नाही, तो कुणीही फिरवून सोडू शकतो. मग एअर लाइनमधली हवा सोडायची, प्रेसचा वर थांबलेला रॅम, म्हणजे दाब देणारा जड भाग, ठोकळा लावून अडवायचा आणि शेवटी मशीन खरंच चालू होत नाही ना, हे स्टार्ट बटण दाबून बघायचं. ही शेवटची पायरी लोक सर्रास गाळतात, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते.

नुसत्या कागदावर विसंबलं तर काय होतं? ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल-वायूचा प्लॅटफॉर्म. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नेला होता, उघड्या पाइपवर नुसती चकती बसवली होती. त्याचं परमिट होतं, पण रात्रपाळीच्या हाती ते लागलं नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच चालू केला. चकतीतून वायू सुटला, स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. कागद कुठेतरी होता, पंपावर कुलूप नव्हतं.

मी स्वतः एकदा कन्व्हेयरखाली रोलर बदलत होतो. परमिट सुपरवायझरच्या टेबलावर होतं. पाळी बदलली, नव्या ऑपरेटरने सवयीने स्विच वर केला. पट्टा वीतभर सरकला. हात तेवढ्यात बाहेर आला होता म्हणून बोटं शाबूत आहेत.

तेव्हापासून मी परमिटच्या फॉर्मवर कुलपाच्या नंबरासाठी एक रकाना ठेवतो. सही करणाऱ्याने आधी पॅनेलपाशी जायचं, कुलूप हाताने ओढून बघायचं आणि मगच तो नंबर लिहायचा.