क्लचकंप : जुन्या एमजीबी मोटारीतील निदान

क्लचकंप : मोटार जागेवरून उचलताना, क्लचचे पेडल अर्धवट सुटलेले असताना सगळ्या गाडीला लागणारी लयबद्ध थरथर. गॅरेजमध्ये हिला ‘जडर’ म्हणतात. क्लच घसरणे आणि क्लच पुरता न सुटणे हे दोष वेगळे. पहिल्यात इंजिन भरधाव फिरते पण गाडी वेग घेत नाही, दुसऱ्यात पेडल तळाशी दाबूनही गिअर करकरतो. या दोहोंची क्लचकंपाशी गल्लत झाली की निदान पहिल्याच पायरीवर चुकते.

येथील विवेचन इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२–८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स मोटारीपुरते आहे. तिचे इंजिन बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीच्या बी-मालिकेतील, १,७९८ घ. सेंमी. क्षमतेचे. त्याच मालिकेतील १,४८९ घ. सेंमी.चे इंजिन हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसडरमध्ये होते, त्यामुळे आपल्याकडील जुन्या मेकॅनिकांना त्याची ठेवण परकी नाही. क्लच सु. २०३ मिमी. (८ इंच) व्यासाचा, एकाच प्लेटचा, डायफ्रॅम स्प्रिंगचा (बशीसारख्या चपट्या स्प्रिंगचा) व हायड्रॉलिक पद्धतीने (द्रवाच्या दाबाने) चालणारा आहे. इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. घर्षणाचे अस्तर लावलेली क्लचची प्लेट प्रेशर प्लेटने त्यावर दाबली की इंजिनाची गती गिअरबॉक्सकडे जाते.

कंपाच्या मुळाविषयी दोन मते आहेत. पहिल्यानुसार दोष घर्षणाच्या स्वरूपात असतो. घसरण्याचा वेग कमी होत जाताना अस्तराचा घर्षणांक वाढत गेला, तर प्लेट क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. कंपन विरण्याऐवजी स्वतःच स्वतःला पोसते. तेलाचा अंश लागलेले किंवा जळून काचेसारखे गुळगुळीत झालेले अस्तर असे वागू शकते. दुसऱ्या मतानुसार मूळ भूमितीत असते : फ्लायव्हीलचा पृष्ठभाग डुगतो, प्रेशर प्लेट वाकडी बसते किंवा गिअरबॉक्सचा अक्ष इंजिनाच्या अक्षाशी जुळत नाही, आणि दर सापेक्ष फेऱ्याला एक हिसका बसतो. इंजिन मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल व गाडी उभी असेल, तर असे हिसके सेकंदाला २० बसतात आणि क्लच पुरता जुळेपर्यंत शून्यावर येतात. मोटारीच्या पारेषणाची (इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेची) नैसर्गिक वारंवारता बहुधा ८ ते २० हर्ट्झच्या आसपास असते. हिसक्यांची गती तिच्याशी जुळली की अनुस्पंदन होते, म्हणजे थरथर एकदम वाढते.

प्रत्यक्षात दोन्ही कारणे एकत्र नांदतात, तरी निदानासाठी हा भेद मोलाचा आहे. पहिल्या प्रकारची थरथर क्लच घसरत असेतोवर एकाच लयीत टिकते. दुसऱ्या प्रकारची एका टप्प्यावर उसळते, मग ओसरते. सरावलेल्या चालकाला हा फरक आसनातूनच कळतो. काही महिने उभ्या राहिलेल्या गाडीत फ्लायव्हीलवर गंजाचा पातळ थर धरतो. त्यामुळे येणारी थरथर गाडी काही वेळा जागेवरून उचलल्यावर आपोआप जाते. तापल्यावरच येणारी थरथर मात्र उष्णतेने वाकलेल्या प्लेटकडे बोट दाखवते.

एमजीबीत गिअरबॉक्स एकटा खालून निघत नाही. क्लचपर्यंत पोहोचण्यासाठी इंजिन उतरवावे लागते. म्हणून तपासणी बाहेरून आत करावी, असेच प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. इंजिन व गिअरबॉक्सची रबरी माउंटिंगे (त्यांना गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे आधार) तेलाने भिजून फुगली किंवा धातूपासून सुटली असतील, तर निर्दोष क्लचही थरथरतो. चढावर रिव्हर्समध्ये हळूच क्लच सोडून पाहावा. उलट भार आल्याने सैल माउंटिंग लगेच हालचाल दाखवते. त्यानंतर मागील स्प्रिंग-पाट्यांचे यू-बोल्ट व बुश, तसेच प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सची गती मागे नेणाऱ्या दांड्याचे) सांधे पाहावेत. तारांच्या चाकांच्या गाडीत हबचे झिजलेले स्प्लाइन (चाक अडकवणारे दाते) गाडी उचलताना ‘टक्’ असा एकच आवाज देतात. तो कंप नव्हे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलाचा द्रवदाब क्लचपर्यंत पोहोचवणारा) गिअरबॉक्सच्या आवरणावरच असल्याने इंजिन हलले तरी पेडलाचे दाबणे बदलत नाही. दांडीने चालणाऱ्या काही जुन्या क्लचांत मात्र इंजिनाच्या डुलण्याने क्लच आपोआप कमीजास्त दाबला जातो व थरथर वाढते.

इंजिन उतरवल्यावर आधी तेलाचा माग काढावा. तेल क्रँकशाफ्टच्या मागील टोकाकडून येते की गिअरबॉक्सच्या पुढील टोकाकडून, हे ठरल्याशिवाय नवी प्लेट बसवणे व्यर्थ. फ्लायव्हीलवरील निळसर डाग अतितापाचे. तेथील धातू कठीण झालेला असतो. फ्लायव्हीलचे डुगणे डायल गेजने (सूक्ष्म हालचाल दाखवणाऱ्या तबकडीच्या मापकाने) मोजावे.

नवा क्लच बसवल्याबरोबर सुरू झालेली थरथर बहुधा जुळणीतील चूक असते. जोडताना गिअरबॉक्सचा भार प्लेटच्या मध्यावर लोंबला, तर प्लेट वाकते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे, क्रमाने आवळावे लागतात.

जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस (श्वासावाटे घातक ठरणारे तंतुमय खनिज) असण्याची शक्यता असते. ब्रिटनमध्ये त्याच्या वापरावर १९९९ साली बंदी आली. त्यामुळे आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.