मॅगझिन सोडायचं कुठून? लहान पिस्तुलांच्या खटक्यामागची पार्श्वभूमी

ग्लॉक 19, सिग पी365, सीझेड पी-10 सी. कॉम्पॅक्ट पिस्तुलांची तुलना निघाली की ट्रिगर, नेम धरायची साइट आणि गोळ्यांची संख्या यांवर रकाने भरतात आणि मॅगझिन रिलीज, म्हणजे गोळ्या भरलेलं मॅगझिन मुठीतून मोकळं करणारा खटका, एका ओळीत उरकतं: 'बटण, हवं त्या बाजूला बसवता येतं.' या ओळीपर्यंत यायला शंभराहून जास्त वर्षं गेली आणि वाटेत दोन चांगले पर्याय मागे पडले. ते मागे पडले यात यंत्राचा दोष थोडा आहे, मोठ्या गिऱ्हाइकाचा हट्ट जास्त.

ट्रिगरमागचं, अंगठ्याने दाबायचं हे बटण काही नवं नाही. 1900 सालच्या जर्मन ल्यूगरवर ते होतं. 1911 च्या कोल्टमुळे अमेरिकी सैनिकाच्या अंगठ्याला त्याची सवय लागली ती कायमची. पण कोल्टच्याच 1903 च्या खिशातल्या पिस्तुलावर खटका मुठीच्या तळाशी, मागच्या कडेला होता. युरोपात ही तळाचीच रीत रुजली. बेल्जियन एफएन 1910, इटालियन बेरेटा 1934 आणि युद्धानंतरचं रशियन माकारोव्ह ही सगळी त्याच घराण्यातली. याला वाल्टर मात्र गमतीदार अपवाद. 1929 च्या पीपीला आणि पाठोपाठ आलेल्या छोट्या पीपीकेला त्यांनी बटण दिलं आणि 1938 च्या लष्करी पी38 ला तळाचा खटका. खिशातल्या पिस्तुलाला तळाचा खटका आणि लष्करी पिस्तुलाला बटण, या आजच्या समजुतीच्या हे बरोबर उलट.

तळाचा खटका जुनाट म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी एकदा माकारोव्हची मूठ उघडून पाहावी. आत एकच पट्टीची स्प्रिंग असते. तिचा वरचा भाग हॅमरला (गोळी पेटवणारा ठोका देणाऱ्या हातोडीला) जोर देतो आणि खालचं वाकवलेलं टोक मॅगझिन अडवून धरतं. वेगळा खटका नाही, वेगळी स्प्रिंग नाही, हरवण्यासारखी पिन नाही. मॅगझिन काढायचं तर डाव्या अंगठ्याने ते टोक मागे सारायचं आणि बोटांनी मॅगझिनच्या तळाची पुढे आलेली कड धरून खाली ओढायचं. रिकामं मॅगझिन जमिनीवर न पडता हातात येतं. जिथे प्रत्येक मॅगझिनचा हिशेब द्यावा लागतो, तिथे ही सोयच होती. शिवाय पिस्तूल खिशात असो की कमरेला, ओझरत्या दाबाने मॅगझिन सुटायची भीती नाही.

आजच्या कॉम्पॅक्ट सर्व्हिस पिस्तुलाचा आराखडा खऱ्या अर्थाने सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीत ठरला. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधल्या हत्याकांडानंतर तिथल्या पोलिसांच्या शस्त्रांचा फेरविचार सुरू झाला आणि हातातलं 7.65 मिमीचं वाल्टर पीपी अपुरं ठरलं. नव्या निकषांत 9 मिमी काडतूस होतं. हाताने लावायची सेफ्टी नसावी, उपसलं की झाडता यावं, आणि लांबी, उंची, जाडी 180, 130 आणि 34 मिमीच्या आत राहावी, असंही होतं. तीन पिस्तुलं पसंत झाली: वाल्टरचं पी5, सिग-सावर पी225 म्हणजेच पोलिसांचं पी6, आणि एचके (हेकलर अँड कॉख) या जर्मन कंपनीचं पी7. तिन्ही आतून एकमेकांपासून साफ वेगळी. पी7 तर मुठीची पुढची पट्टी आवळली की कॉक होणारं, म्हणजे झाडायला सज्ज होणारं. तरी तिघांचाही मॅगझिनचा खटका तळालाच होता. त्यात काही कमी आहे असं तेव्हा तिथे कुणाला वाटल्याचं दिसत नाही.

मग अमेरिकेला नवं पिस्तूल हवं झालं. इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका खरेदीने वळवलं.

.45 च्या जुन्या 1911 ऐवजी 9 मिमीचं पिस्तूल शोधायला सत्तरच्या दशकाच्या शेवटी चाचण्या सुरू झाल्या. पहिली फेरी हवाई दलाने फ्लोरिडात एग्लिन तळावर घेतली. अपेक्षा होत्या मोठ्या मॅगझिनच्या, डबल अ‍ॅक्शनच्या (नुसता ट्रिगर ओढूनच पहिली गोळी झाडता येण्याच्या), आणि अर्थात अमेरिकी अंगठ्याला ओळखीच्या जागी बटणाच्या. बेरेटाच्या 1975 च्या मूळ 92 मॉडेलवर गोल बटण डाव्या बाजूला मुठीच्या खालच्या टोकाशी होतं. ते दाबायचं तर पकड सोडावी लागे. चाचणीसाठी बनवलेल्या 92एस-1 मध्ये ते उचलून ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या) मागे आणलं गेलं आणि पुढच्या 92एसबी मध्ये तिथेच कायम झालं. सिगने 1975 चं पी220 घेतलं, दुपदरी (गोळ्या दोन रांगांत बसणाऱ्या) मॅगझिनसाठी मूठ रुंद केली, तळाचा खटका काढून वर बटण दिलं, आणि पी226 झालं. एचकेने पी7 वर दुसरी वाट काढली. तळाचा खटका त्यांनीही काढला, पण बटणाऐवजी ट्रिगर गार्डच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खाली दाबायची छोटी पट्टी दिली. 8 गोळ्यांचं पी7एम8 आणि 13 गोळ्यांचं पी7एम13 असं हे पॅडल घेऊन आले.

पहिल्या फेरीत बेरेटा वरचढ ठरलं. लष्कराने चाचणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला, पुन्हा चाचण्या झाल्या, आणि 1984 च्या फेरीत शेवटी बेरेटा आणि पी226 हे दोघेच उरले. 1985 च्या जानेवारीत बेरेटाची निवड जाहीर झाली. यावर अजून वाद घातला जातो, कारण नुसत्या पिस्तुलाची किंमत सिगची कमी होती. मॅगझिनं आणि सुटे भाग धरून एकूण बोली केली तेव्हा बेरेटा स्वस्त पडलं. कोण जिंकलं, यावर लोक चाळीस वर्षं भांडत आहेत. माझ्या मते त्याहून मोठा परिणाम हा, की हरलेल्यांनीही आपली पिस्तुलं अमेरिकी अंगठ्यासाठी बदलली आणि ती तशीच जगभर विकली. सिगचं कॉम्पॅक्ट पी228, जे अमेरिकी लष्करात एम11 झालं, ते बटण घेऊनच जन्मलं. वाल्टरने पी5 ची छोटी आवृत्ती काढली तेव्हा मोठ्या पी5 चा तळाचा खटका तिला दिला नाही, बटण दिलं.

बटणाचा खरा फायदा वेगाचा. पकड फारशी न सोडता अंगठा दाबला की रिकामं मॅगझिन आपोआप खाली पडतं आणि डावा हात तोवर भरलेलं आणतो. मैदानावरच्या स्पर्धेत आणि खंदकात याची किंमत आहे. साध्या कपड्यांखाली दिवसभर कमरेला राहणाऱ्या पिस्तुलाला ती किती, हा प्रश्न त्या चाचण्यांमध्ये नव्हताच, कारण त्या लष्करी कमरपट्ट्यावरच्या मोठ्या पिस्तुलासाठी होत्या. निकष मात्र छोट्यांनाही लागू झाला. खुर्चीत बसल्यावर बटण दाबलं जाऊन मॅगझिन अर्धा सेंटिमीटर खाली सरकलं, की दुसरी गोळी चढण्याची खात्री संपते. म्हणून उत्पादकांनी बटणं खोलात बसवली आणि स्प्रिंगा कडक केल्या. मग दाबायला जड जातात, ही तक्रार. 2017 मध्ये आलेल्या पी-10 सी च्या सुरुवातीच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या खटक्याबद्दल नेमकी हीच ओरड झाली आणि पुढे त्याजागी उलटवता येणारं बटण आलं.

पॅडलला हा त्रास कमी. ते खाली दाबायचं असल्याने बाजूचा दाब त्याला हलवत नाही, आणि डावखुऱ्याला काहीही उलटसुलट करावं लागत नाही. एचकेने 1993 च्या यूएसपीपासून ते टिकवलं, वाल्टरने पी99 आणि 2007 च्या बारीक पीपीएसवर दिलं. पण मोठा बाजार अमेरिकेचा. 2011 चं पीपीक्यू पॅडल घेऊन आलं, दोन वर्षांत त्याची एम2 आवृत्ती बटणावर गेली. 2016 मध्ये पीपीएसचंही तेच झालं. एचकेचं 2014 चं व्हीपी9 बरेच दिवस पॅडलवर अडून होतं, शेवटी तेही बटणासकट मिळू लागलं. डावखुऱ्यांची सोय आता बटण उलटवून होते. ग्लॉकने ती 2010 च्या चौथ्या पिढीत दिली. त्यासाठी मॅगझिनला दोन्ही बाजूंनी खाच लागते. जुनी एकाच खाचेची मॅगझिनं बटण उजवीकडे घेतलं की अडकत नाहीत.

पिस्तूल लहान होण्यामागेही खरेदीदाराच्या देशाचा कायदा होता. 1994 ते 2004 या काळात अमेरिकेत 10 गोळ्यांवरच्या नव्या मॅगझिनांच्या विक्रीवर बंदी होती. दहाच मिळणार असतील तर मोठी मूठ कशाला वागवायची, या हिशेबात 1995 चं ग्लॉक 26 चपखल बसलं. पण मूठ इतकी आखूड झाली की करंगळी आणि तळव्याची कड मॅगझिनच्या तळाखाली येते. बटण दाबलं तरी मॅगझिन हातावरच अडतं आणि पकड ढिली करावी लागते. ज्या वेगासाठी बटण हवं होतं तो इथे अर्धा वाया जातो. 2018 च्या पी365 वरही मोठ्या पंजाच्या माणसाला हाच अनुभव येतो.

भारतात पोलिसांच्या आणि लष्कराच्या हातात वर्षानुवर्षं आहे ते ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं 9 मिमी 1ए, म्हणजे कॅनडात बनलेल्या ब्राउनिंग हाय-पॉवर या पिस्तुलाची आवृत्ती. बटण ट्रिगरमागेच, पण मॅगझिन सुळकन पडत नाही. मॅगझिन काढलं की गोळी सुटू नये, अशी एक आतली सेफ्टी हाय-पॉवरमध्ये आहे. ती फ्रेंच लष्कराच्या मागणीतून आली असं सांगतात. तिचा दाब मॅगझिनवर घासतो, त्यामुळे बटण दाबूनही ते डाव्या हाताने ओढावं लागतं. खासगी परवानाधारकाला 9 मिमी बोअर (नळीचा व्यास) सहसा मिळत नाही, बहुतेकांकडे .32, म्हणजेच 7.65 मिमी, असतं. म्हणून आयात बंद होण्यापूर्वी आलेली वाल्टर पीपी आजही इथे हात बदलतात, आणि त्यांचं 1929 च्या घडणीचं बटण ट्रिगरमागे जरा उंचावरच सापडतं.