टाइम ब्लॉकिंग की टाइमबॉक्सिंग? कॅलेंडरात दिसतं सारखंच

कॅलेंडर उघडून १० ते १२ असा रंगीत चौकोन भरला आणि त्यात "रिपोर्ट" लिहिलं, तर हे टाइम ब्लॉकिंग झालं की टाइमबॉक्सिंग? नुसत्या चौकोनाकडे बघून सांगताच येत नाही, आणि म्हणूनच बरेच जण दोन्ही एकच समजून चालतात. फरक कळतो तो १२ वाजता. रिपोर्ट अर्धा राहिला आणि तुम्ही म्हणालात, ठीक आहे, उरलेला उद्याच्या वेळेत, तर तो ब्लॉक. पण १२ला जे तयार असेल तेच मॅडमना पाठवायचं असं आधीच ठरलेलं असेल, तर तो बॉक्स.

ब्लॉक म्हणजे वेळ राखून ठेवणं. हे गोव्यात कुणाला नव्याने शिकवायला नको, दुपारी एक वाजला की शटर खाली, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, चारला या. आत मालक जेवतो, झोपतो की हिशेब लिहितो हा त्याचा प्रश्न, ती वेळ दुसऱ्या कुणाला मिळत नाही एवढं नक्की. ऑफिसात मात्र हे शटर ओढायला आपल्याला भलताच संकोच वाटतो.

फोंड्यातलं एखादं छोटं अकाउंट्सचं ऑफिस घ्या. दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ची (विक्रीचा तपशील) शेवटची तारीख ११, जीएसटीआर-३बीची (टॅक्सचा एकूण हिशेब) २०, आणि मधे १४ला २बी, म्हणजे पोर्टलवरची खरेदीची यादी, तयार होतं, म्हणजे खरेदीची बिलं त्याच्याशी जुळवायची खरी मारामारी १५ ते १९ मध्येच. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी (निल रिटर्न असेल तर २०), टॅक्स राहिला असेल तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज वेगळं. आता हे काम "चाळीस मिनिटांत होईल तेवढं" असं करून चालत नाही, आकडे जुळेपर्यंत बसावंच लागतं. आणि नेमकं त्याच वेळी व्हॉट्सॲपवर बिलांचे फोटो यायला लागतात, एक आडवा, एक उलटा, एकात टेबलावरचा चहाचा कप व्यवस्थित दिसतो पण जीएसटी नंबरच कापलेला, आणि खाली "पात्रांव, एवढं बघ रे पटकन". अशा ठिकाणी ब्लॉक हवा. त्या पाच दिवसांत सकाळी साडेनऊ ते साडेअकरा फक्त जुळवाजुळव, फोटो साडेअकरानंतर बघणार, आणि हे क्लायंटना १० तारखेलाच कळवून ठेवायचं. शेवटचं नाही केलं तर ब्लॉक फक्त तुमच्या कॅलेंडरात राहतो, बाकी जगाला त्याचा पत्ताच नसतो.

बॉक्सचं दुखणं वेगळं. इथे त्रास देणारा माणूस बाहेरचा नसतो, आपणच असतो. ब्रिटिश लेखक पार्किन्सनने १९५५ मध्ये 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये लिहिलं होतं की हातात जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगत जातं, आणि प्रेझेंटेशनचा फॉन्ट निवडत बसलेल्या माणसाला हे वेगळं पटवून द्यायला लागत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी यावर चांगला कडक उपाय केलाय. स्क्रम या त्यांच्या कामाच्या पद्धतीत स्प्रिंट, म्हणजे कामाचा एक ठरलेला टप्पा, जास्तीत जास्त एक महिन्याचा, रोजची मीटिंग १५ मिनिटांची, आणि काम उरलं म्हणून स्प्रिंट वाढवत नाहीत, उरलेलं काम परत यादीत जातं. म्हणजे वेळ पक्की, काम मागेपुढे. मेलला उत्तरं देणं, कोटेशन शोधणं, स्लाइड सजवणं, पहिला कच्चा मसुदा, ही सगळी बॉक्समध्ये घालायची कामं. रिटर्न, पगारपत्रक, बँकेचे चेक असलं काही चुकूनही बॉक्समध्ये घालू नका, अर्धा पगार झाला आणि टायमर वाजला म्हणून कोण उठणार आहे!

पोमोडोरोला लोक सरसकट टाइमबॉक्सिंग म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८०च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून ही पद्धत सुरू केली, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती. पण २५ मिनिटं संपली म्हणून काम बंद होत नाही, विश्रांतीनंतर तेच पुढे चालू. दमायच्या आत थांबायला ती उत्तम आहे, काम आटोक्यात ठेवायला तेवढी नाही.

दोन्ही एकत्र वापरता येतात, आणि मला तरी तेच सोयीचं वाटतं. साडेतीन ते पाच "पत्रव्यवहार" असा ब्लॉक, त्यात पहिली २० मिनिटं फक्त मेल, मग ४० मिनिटं प्रपोजल, उरलेला अर्धा तास मोकळा. तो मोकळा ठेवाच, पावसाळ्यात वीज गेली आणि इन्व्हर्टरने मान टाकली की त्या अर्ध्या तासातच सगळं सावरायचं असतं. आणि कॅलेंडरात नुसतं "प्रपोजल" लिहू नका, बॉक्स असेल तर "साडेचारला जे आहे ते पाठवणे" आणि ब्लॉक असेल तर "उरलं तर उद्या साडेतीनला" असं लिहा, म्हणजे ऐन वेळी स्वतःशीच घासाघीस करायला जागा उरत नाही. टायमर शक्यतो फोनवर नको, तो बंद करायला म्हणून फोन उचलतो आणि पुढची वीस मिनिटं रीलमध्ये जातात.