विषाणू दबला, मग सीडीफोर का वाढत नाही?

एचआयव्हीची गोळी सुरू होऊन सहा महिने झाले. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या तपासणीच्या कागदावर विषाणू ‘आढळला नाही’, पण सीडीफोर, म्हणजे एचआयव्ही ज्यांना मारतो त्या संरक्षक पांढऱ्या पेशींचा आकडा, १४० वरून २३० वर येऊन अडकलं. घरच्यांना पहिली शंका येते ती गोळीची, आणि ती चुकीची आहे. विषाणूची वाढ थांबवणं एवढंच गोळीचं काम, ते तिनं केलं. पेशी शरीरालाच घडवाव्या लागतात.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा भराभर चढतो. त्यातल्या बऱ्याच पेशी नव्या नसतातच. लसिका गाठींमध्ये अडकलेल्या जुन्या स्मृतिपेशी (आधीचे जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी) रक्तात परत येतात. खऱ्या नव्या पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात, आणि ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसते. त्यामुळे पुढे वर्षाला ५० ते १०० पेशी वाढल्या तरी चाल ठीक समजायची. सीडीफोर २०० च्या खाली गेल्यावर उपचार सुरू झाले, तर काहींचं ५०० पर्यंत कधीच पोचत नाही.

सोबत हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर हिशेब आणखी फिरतो. यकृत आकसून कडक झालं की यकृताकडे येणाऱ्या रक्ताचा दाब मागे चढतो आणि पाणथरी (प्लीहा) फुगते. सिकलसेलमुळे विदर्भातल्या कितीतरी घरांत हा शब्द ओळखीचा आहे. फुगलेली पाणथरी पांढऱ्या पेशी स्वतःत साठवून ठेवते. समजा, रक्तात एकूण लिम्फोसाइट (सीडीफोर ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) ६०० उरल्या आणि त्यांतल्या ३० टक्के सीडीफोर आहेत. आकडा येतो १८०, वाचून धडकी भरते. पण ३० टक्के हे प्रमाण चांगलं आहे. म्हणून रिपोर्टवर टक्केवारीही बघायची. १४ टक्क्यांखाली असेल तर मात्र काळजीचं कारण आहे.

एआरटी केंद्रातून (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून) मिळणाऱ्या नेहमीच्या एका गोळीत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० असतं. यातली पहिली दोन औषधं हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. दाबतात, संपवत नाहीत: बीचा मूळ साचा यकृतपेशींच्या केंद्रकात बसलेला राहतो. कापूस वेचणीच्या धांदलीत किंवा बाहेरगावी कामाला गेल्यावर गोळी सुटली, की एचआयव्हीसोबत बीही उसळतो आणि कावीळ होऊ शकते. उलटही घडतं. उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत शुद्धीवर आलेल्या पेशी बीची लागण झालेल्या यकृतपेशींवर तुटून पडतात आणि एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारा रक्तातला आकडा) चढतं. डोळे पिवळे दिसले की गोळी बंद करून कावीळ उतरवणाऱ्याकडे जाणं, ही या घोळातली सगळ्यात महागडी चूक. त्याच दिवशी केंद्र गाठावं. गोळीचं काय करायचं ते डॉक्टर एसजीपीटी आणि बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) पाहून ठरवतात.

सीचं गणित सुटसुटीत आहे. सोफोस्बुविर ४०० आणि डॅक्लॅटास्विर ६० मिलिग्रॅम, रोज एकदा, साधारण १२ आठवडे; एचआयव्हीच्या औषधांत एफाविरेन्झ असेल तर डॅक्लॅटास्विर ९०. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. सुरू करण्याआधी बीची तपासणी हवीच, कारण सी हटला की दबलेला बी डोकं वर काढू शकतो. वर्षानुवर्षं झुंजून थकलेल्या टी पेशी (सीडीफोर हा त्यांचाच एक प्रकार) सी गेल्यावरही पूर्ण ताज्या होत नाहीत, आणि बरं झालेल्याला सी पुन्हा होऊ शकतो.

डोल्युटेग्राविर लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधांना चिकटतं, मग ते रक्तात पुरेसं उतरत नाही. त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर गोळी घ्यावी. लोह-कॅल्शियम जेवणासोबत एकाच वेळी चालतं, ॲसिडिटीचं औषध तसं चालत नाही. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू असेल तर १२ तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते.

आणि मे महिन्यातला आकडा एकदम पडला, तर आधी नमुन्याची चौकशी करावी. सीडीफोरची जांभळ्या झाकणाची नळी १८ ते २५ अंशांत राहायला हवी. ४५ अंशांच्या उन्हात उभ्या गाडीत ती तापली, किंवा कोणी काळजीपोटी बर्फात खोचली, तर पेशी खराब होऊन आकडा बिघडतो. तपासणी पुन्हा करायची.